अजिंठ्याच्या भिंतीवरील सिंहलद्वीप

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात प्रेक्षक रमतात ते ओसरीत. भवचक्राचा उरलेला तुकडा, ढगांतून जाणारा इंद्र आणि त्याच्या अप्सरा, दारावरची मानुषी बुद्धांची रांग, एवढे पाहून होईपर्यंत मान दुखू लागलेली असते. आत मंडपात अंधार असतो. डोळे त्या अंधाराला सरावेपर्यंत थांबण्याचे धैर्य थोड्यांनाच असते, आणि त्यामुळे उजव्या हाताच्या भिंतीवरील एक भले मोठे चित्र बहुतेकांच्या नजरेतून निसटते. आम्ही मागे एकदा त्या भिंतीपुढे बराच वेळ उभे होतो. शेजारी एक कुटुंब होते. होड्यांत उभे असलेले हत्ती, भाले घेतलेले स्वार आणि पलीकडे सुळे असलेल्या बाया पाहून त्यांच्यातील लहान मुलाने विचारले, "बाबा, ही रावणाची लंका का?" वडिलांनी "हो" म्हटले आणि मंडळी पुढे गेली.

उत्तर चुकीचे होते. पण पुढे विचार करू लागलो तेव्हा आम्हांस जाणवले की ते सर्वस्वी चुकीचेही नव्हते. त्या भिंतीवर लंकाच आहे. मात्र तेथे रावण नाही, राम नाही, सीता नाही. तेथे आहे सिंहल नावाचा एक व्यापारी, आणि ज्या बेटाला पुढे त्याचे नाव मिळाले ते बेट. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, वाघोरा नदीच्या नालाकृती घळीत बसून दख्खनच्या चित्रकाराने एका बेटाचा भूगोल, तेथील लोक आणि तेथील राज्य यांविषयी आपली कल्पना रंगवून ठेवली आहे. ही कल्पना कोठून आली, त्याच सुमारास ते बेट प्रत्यक्षात कसे होते, आणि त्या कल्पनेचे पुढे काय झाले, हे तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम कथा. ती 'दिव्यावदान' या संस्कृत ग्रंथात येते, 'कारंडव्यूह' सूत्रातही येते, आणि तिचे एक जुने रूप पाली जातकांतील १९६ व्या, म्हणजे वलाहस्स जातकात आहे. सिंहकल्पा नगरीचा सिंहल हा पाचशे व्यापाऱ्यांसह समुद्रावर जातो. गलबत फुटते, मंडळी ताम्रद्वीपाच्या किनाऱ्याला लागतात. तेथे सुंदर स्त्रिया त्यांचे स्वागत करतात, घर देतात, संसार देतात. त्या राक्षसी आहेत हे कळते तेव्हा पूर्वी फसलेले व्यापारी एका कोटात कोंडलेले आणि एकेक करून खाल्ले जात असलेले आढळतात. सुटकेचा मार्ग एकच. बालाह नावाचा दिव्य पांढरा घोडा किनाऱ्यावर येतो. जो मागे वळून पाहणार नाही त्याला तो पैलतीरी नेईल. सिंहल वळून पाहत नाही. इतर पाहतात आणि पडतात.

येथवर कथा जातकासारखीच आहे आणि तिचे तात्पर्य भिक्षूंच्या विहारात शोभावे असे आहे: मोह सोडा, मागे पाहू नका. परंतु अजिंठ्याचा चित्रकार येथे थांबत नाही. सिंहलाची राक्षसी बायको मूल कडेवर घेऊन त्याच्या मागोमाग सिंहकल्पेस येते आणि राजा सिंहकेसरीच्या दरबारात दाद मागते. हा माझा नवरा, हे त्याचे मूल, आणि हा मला टाकून आला. सिंहल सांगतो की ही राक्षसी आहे. राजा तिच्या रूपाला भुलतो, तिला अंतःपुरात ठेवतो. एका रात्री ती आपल्या सख्यांना बोलावते आणि सकाळी राजवाड्यावर गिधाडे घिरट्या घालू लागतात. शिडी लावून आत उतरतो तो सिंहल. प्रजा त्यालाच राजा करते. मग तो हत्ती, घोडे, धनुर्धर घेऊन समुद्र ओलांडतो, राक्षसींना जिंकतो, त्यांना बेट सोडून जाण्यास भाग पाडतो. तेथे माणसे वसवली जातात आणि ताम्रद्वीपाचे नाव सिंहलद्वीप होते.

भिंतीवर हा सारा प्रपंच आहे. पांढऱ्या घोड्याची आकाशातील झेप आहे, राजवाड्यातील तो भयंकर प्रकार आहे, होड्यांतून उतरणारी सेना आहे, आणि कलशांनी होणारा अभिषेक आहे. चित्राचा अर्थ लागण्यास मात्र बराच काळ गेला. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी 'सापडल्या'नंतर जवळजवळ शतकभर हे चित्र 'विजयाचे सिंहलात आगमन आणि राज्याभिषेक' या नावाने ओळखले जाई. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांकरवी अजिंठ्याच्या नकला करवून घेतल्या, त्यांच्या काळातही हेच नाव रूढ होते. सिंहलाचे अवदान जुळवून पाहिल्यावर विजयाचे नाव मागे पडले. ही चूक विसरून जाण्याजोगी नाही. सिंहल आणि विजय या दोन कथा एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की एक पाहताना दुसरी आठवावी हे स्वाभाविक होते. किंबहुना या दोन कथा शेजारी ठेवल्याशिवाय भिंतीवरचे बेट नीट दिसत नाही.

विजयाची कथा 'महावंस' या पाली इतिहासकाव्यात आहे. लाळ देशातील सिंहपूरच्या सिंहबाहूचा हा मुलगा. सिंहबाहूचा बाप साक्षात सिंह, आणि त्या सिंहाला मारणारा सिंहबाहूच. विजय इतका उपद्रवी निघाला की बापाने त्याला सातशे साथीदारांसह गलबतात घालून देशोधडीस लावले. आता मराठी वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. विजयाचे गलबत प्रथम लागते ते सुप्पारकास, म्हणजे आपल्या सोपाऱ्याला. ज्याच्या पोटात आज नालासोपाऱ्याच्या लोकलची गर्दी आहे त्याच सोपाऱ्याला. तेथेही या मंडळींनी दांडगाई केली, लोक बिथरले, आणि त्यांना पुन्हा समुद्रावर जावे लागले. मग ते लंकेस लागले. ग्रंथकार सांगतो की तो दिवस बुद्धाच्या परिनिर्वाणाचा होता.

आपल्याकडील संबंध एवढ्यावर संपत नाही. याच 'महावंसा'त अशोकाच्या काळी निरनिराळ्या देशांत पाठविलेल्या धर्मप्रचारकांची यादी आहे. तीत योनक धम्मरक्खित अपरान्तास, म्हणजे कोकणपट्टीस जातो, महाधम्मरक्खित महारट्ठास जातो आणि महिंद लंकेस जातो. महाराष्ट्र आणि सिंहल हे एकाच यादीतले शेजारी आहेत. सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे मिळाले. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तेथील स्तूप उकरला. सोपाऱ्याचा व्यापारी पूर्ण याची समुद्रप्रवासाची कथा अजिंठ्याच्याच दुसऱ्या लेण्यात रंगविली आहे; तेथील शिडांचे जहाज प्रसिद्धच आहे. उत्तरेकडून प्रतिष्ठानाकडे, म्हणजे पैठणकडे उतरणारी व्यापारी वाट अजिंठ्याच्या डोंगरांतूनच जाई. म्हणजे समुद्र दूर असला तरी समुद्राच्या गोष्टी सांगणारी माणसे या घाटातून रोज जात असणार.

काळाचा मेळही विलक्षण आहे. सतरावे लेणे वाकाटक नृपती हरिषेण याच्या राज्यात एका मांडलिक राजाने कोरविले. तसा शिलालेख ओसरीच्या भिंतीवर आहे, आणि धाकट्या भावाच्या मृत्यूच्या दुःखातून हा राजा धर्मकार्याकडे वळल्याचे त्यातून कळते. हा काळ बहुतेक अभ्यासक पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात ठेवतात. त्याच दशकांत अनुराधपुरास धातुसेन राज्य करीत होता (४५५ ते ४७३), त्यानंतर त्याचा मुलगा कस्सप सिगिरियाच्या सुळक्यावर राजवाडा बांधून स्त्रियांची ती प्रख्यात चित्रे काढवून घेत होता (४७३ ते ४९५), आणि त्याच सुमारास किंवा किंचित नंतर महानाम थेर 'महावंस' रचत होता. म्हणजे दख्खनचा चित्रकार बेटाविषयी जे कल्पित होता आणि बेटावरील भिक्षू आपल्या बेटाविषयी जे लिहीत होता ते जवळजवळ समकालीन आहे. दोघांना एकमेकांची ओळख असण्याचे कारण नाही. तरीही दोघांच्या कथेचा सांगाडा एकच आहे: समुद्रापलीकडून पुरुष येतो, बेटावर आधीच राहणारे मानवेतर असतात, त्यांचे निर्दालन होते, आणि मग राज्य सुरू होते.

आता कल्पना बाजूस ठेवून बेटाकडे पाहू. आजच्या श्रीलंकेचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडे अधिक. मध्यभागी डोंगरांचा गाभा, त्यात २,५२४ मीटर उंचीचे पिदुरुतलागल हे शिखर, आणि तेथून चारी दिशांना उतरणाऱ्या नद्या. सर्वांत लांब महावेली, ३३५ किलोमीटर. पाऊस दोन दिशांनी येतो. आपला नैर्ऋत्य मोसमी पाऊस बेटाचा नैर्ऋत्य कोपरा भिजवतो आणि डोंगराला अडतो. उत्तर आणि पूर्वेचा विस्तीर्ण भाग कोरडा राहतो. त्याला ईशान्येचा पाऊस मिळतो, तोही ऑक्टोबर ते जानेवारीच्या चार महिन्यांत. सह्याद्रीच्या पूर्वेस राहणाऱ्या आम्हां मराठवाड्यातील लोकांना पर्जन्यछाया म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

नवलाची गोष्ट अशी की सिंहलांचे प्राचीन राज्य भरपूर पावसाच्या कोपऱ्यात न वाढता या कोरड्या पट्ट्यात वाढले. ते उभे राहिले तलावांवर. तलावाला सिंहली भाषेत 'वेव' म्हणतात. संस्कृत 'वापी' या शब्दापासून तो आला, आणि आपली 'बाव' व 'बावडी' हे शब्दही त्याच घरचे. धातुसेनाने बांधलेला कला वेव आणि त्याचे पाणी अनुराधपुरास नेणारा, ऐंशी किलोमीटरांहून लांब असलेला कालवा आजही आहे. या कालव्याच्या पहिल्या सत्तावीस किलोमीटरांत उतार किलोमीटरमागे सुमारे दहा सेंटीमीटर एवढाच आहे. पाचव्या शतकातील पाटकऱ्यांनी हे कसे साधले याचा विचार करताना अजिंठ्याच्या पाथरवटांइतकेच त्यांच्याविषयी कौतुक वाटते. 'चूलवंसा'त गोष्ट आहे: कस्सपाने बापाला कैद करून खजिना दाखव म्हटले, तेव्हा धातुसेन त्याच्या माणसांना कला वेवच्या काठी घेऊन गेला, पाण्यात उतरला, ओंजळ भरून म्हणाला की माझे सारे धन एवढेच. पुढे त्याला भिंतीत चिणून मारले. गोष्ट घडलेली असो वा रचलेली, त्या बेटावर राज्य म्हणजे काय समजले जाई याचा तिच्याइतका चोख पुरावा नाही. राजा म्हणजे पाणी राखणारा.

बाहेरून पाहणाऱ्यांना यातले फारसे काही दिसत नसे. टॉलेमीच्या नकाशात तप्रोबेन हे बेट प्रत्यक्षाहून कित्येक पटींनी मोठे आहे. 'तप्रोबेन' म्हणजे ताम्रपर्णी; अशोकाच्या शिलालेखांतही तेच नाव येते. त्याआधीचा रोमन लेखक प्लिनी बादशहा क्लॉडियसकडे तेथून आलेल्या वकिलांच्या तोंडून ऐकलेले सांगतो. त्या बेटावर राजा लोक निवडतात. तो वयस्क, दयाळू आणि निपुत्रिक असावा लागतो. गादीवर असताना मूल झाले तर त्याला उतरवतात, कारण राज्य वंशपरंपरा होऊ नये. त्याला तीस सल्लागार असतात आणि बहुमताशिवाय देहदंड होत नाही. अनुराधपुराचा रक्तरंजित वारसाहक्क ठाऊक असलेल्याला हे वाचून हसू येईल. रोमच्या बादशाहीला कंटाळलेल्या माणसाने दूरच्या बेटावर आपले आदर्श राज्य वसविले, एवढाच त्याचा अर्थ. सहाव्या शतकातील कॉस्मास हा व्यापारी तुलनेने डोळस. तो सांगतो की बेटावर एकमेकांशी न पटणारे दोन राजे आहेत, सर्व देशांची गलबते तेथे येतात, आणि इराणी ख्रिस्ती लोकांचे एक देऊळही तेथे आहे.

चिनी भिक्षू फाहियान इ. स. ४१० च्या सुमारास तेथे गेला आणि दोन वर्षे राहिला. त्याची नोंद आम्हांस सर्वांत हृद्य वाटते. अभयगिरी विहारातील हिरव्या जेडच्या बुद्धमूर्तीपुढे कोणा व्यापाऱ्याने वाहिलेला पांढऱ्या चिनी रेशमाचा पंखा त्याला दिसला आणि घर सोडून कित्येक वर्षे झालेल्या या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले. हाच फाहियान बेटाच्या आरंभाविषयी लिहितो की तेथे मूळचे मनुष्य नव्हतेच. यक्ष आणि नाग राहत. व्यापारी येत तेव्हा ते समोर येत नसत. माल मांडून त्यावर किंमत लिहून ठेवत, व्यापारी किंमत ठेवून माल उचलत. व्यापाऱ्यांकडून कीर्ती ऐकून लोक आले आणि देश वसला.

फाहियानच्या या कथेत बेटावरचे मूळ रहिवासी मानवेतर आहेत, तरी ते कोणाला खात नाहीत. उलट, उभय पक्षी विश्वासाशिवाय न चालणारा सौदा ते करतात. सिंहलाची कथा आणि ही कथा एकाच गोष्टीच्या दोन बाजू असाव्यात असे आमचे मत आहे. अनोळखी किनारा, भाषा न कळणारी माणसे, आणि त्यांच्याशी आलेला संबंध. त्याची एक आठवण व्यापाराची राहिली, दुसरी भीतीची. अजिंठ्याच्या भिंतीवर भीतीची उतरली. दोनशे वर्षांनी आलेला ह्युएनत्संग प्रत्यक्ष बेटावर गेला नाही, पण आपल्या प्रवासवृत्ताच्या अकराव्या खंडात त्याने सिंहाच्या वंशजाची आणि सिंहल व्यापाऱ्याची, अशा दोन्ही कथा लिहून ठेवल्या. त्याच खंडात पुढे महाराष्ट्राचे वर्णन येते, आणि देशाच्या पूर्व सीमेवरील डोंगरात कोरलेल्या, बाहेर दगडी हत्ती असलेल्या ज्या विहाराचा उल्लेख आहे तो बहुधा अजिंठ्याचाच.

आता 'महावंसा'तील यक्षांकडे वळू. विजय उतरतो तेव्हा त्याला कुवेणी नावाची यक्षिणी भेटते. सूत कातत बसलेली ही स्त्री. तिच्याशी तो संग करतो, तिच्याकडून तिच्याच लोकांचा ठावठिकाणा काढून घेतो, आणि सिरीसवत्थु नगरीत लग्नसमारंभासाठी जमलेल्या यक्षांना मारतो. वलाहस्स जातकातील यक्षिणींचे नगरही हेच सिरीसवत्थु; तेथे त्या कल्याणी नदीपासून नागदीपापर्यंतच्या किनाऱ्यावर हिंडतात. पुढे राज्याभिषेकासाठी कुलीन राणी हवी म्हणून विजय पांड्यांच्या मदुरेहून राजकन्या मागवतो आणि कुवेणीला जायला सांगतो. ती आपल्या माणसांकडे परत जाते. फितुरीबद्दल ते तिला ठार करतात. तिची दोन मुले, एक मुलगा आणि एक मुलगी, मामाच्या सांगण्यावरून डोंगरात पळतात. त्यांच्यापासून पुलिंद झाले, असे ग्रंथकार म्हणतो. बेटावरचे वेद्दा नावाचे अरण्यवासी लोक ते हेच, असे पुष्कळांनी मानले आहे.

अजिंठ्याच्या भिंतीवर राक्षसीच्या कडेवर जे मूल आहे ते संस्कृत कथेत मायावी आहे. सिंहलासारखा दिसणारा पोर तिने जादूने घडवला, असे कथा म्हणते. ही सोय ध्यानात घ्यावी. मूल खरे मानले तर दरबारातील स्त्रीची दाद खरी ठरते आणि सिंहल बायकामुलांना टाकून आलेला पुरुष ठरतो. मूल मायावी म्हटले की प्रश्न मिटतो. 'महावंसा'च्या भिक्षूने ही सोय घेतली नाही. त्याने मुले खरी ठेवली, त्यांना डोंगरात पळू दिले आणि त्यांचा वंश चालू ठेवला. एवढेच नव्हे, अनुराधपूर वसविणाऱ्या पंडुकाभय राजाने यक्षांना नगरात जागा दिल्याचे आणि उत्सवात चित्तराज यक्षाशेजारी तो समान आसनावर बसत असल्याचेही त्याने नोंदवले. राज्याच्या पायाशी कोण गाडले गेले आहे हे त्या ग्रंथाला आठवत होते.

परंतु त्याच ग्रंथात पुढे दुट्ठगामणी येतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात चोळ देशातून आलेला एळार अनुराधपुरावर चव्वेचाळीस वर्षे राज्य करतो. तो इतका न्यायी की दारावरच्या घंटेची दोरी गाईने ओढली तरी तिला न्याय मिळे, असे ग्रंथच सांगतो. दुट्ठगामणी त्याला युद्धात मारतो, त्याची समाधी बांधतो आणि तेथून जाताना वाद्ये थांबवावीत असा नियम घालतो. मात्र एवढी माणसे मारल्याचा पश्चात्ताप होऊन त्याची झोप उडते तेव्हा आठ अर्हत येऊन त्याचे सांत्वन करतात. ते सांगतात की तुझ्या हातून माणसे मेली ती दीडच. एक त्रिशरण घेतलेला, दुसरा पंचशील पाळणारा. बाकीचे पशूंच्या बरोबरीचे. आम्हांस पाली वाङ्मयात याहून अस्वस्थ करणारा उतारा ठाऊक नाही. यक्षांना माणसांतून वगळणारी कथा येथे हाडामांसाच्या शत्रूला लागू झाली.

पुढील काळाने हे उतारे काव्य म्हणून वाचले नाहीत. पोर्तुगीज १५०५ मध्ये आले, मग डच, मग १७९६ पासून इंग्रज. १८१५ मध्ये कँडीचे राज्य गेले. कँडीचा शेवटचा राजा श्री विक्रम राजसिंह हा दक्षिण भारतातून आलेल्या नायक्कर घराण्यातला होता. त्याला इंग्रजांनी वेल्लोरला बंदीत ठेवले. सिंहलांचा शेवटचा राजा वंशाने सिंहल नव्हता, आणि विजयाची राणी मदुरेची होती, ही दोन टोके एकत्र पाहिली म्हणजे बेटावरील वंशशुद्धीची भाषा किती पोकळ आहे ते कळते. तरी ती बोलली गेली. १९३१ मध्ये आशियात फार लवकर प्रौढ मतदान मिळालेल्या आणि ४ फेब्रुवारी १९४८ रोजी स्वतंत्र झालेल्या या देशाने त्याच वर्षी चहामळ्यांतील लाखो तमिळ मजुरांना नागरिकत्व नाकारणारा कायदा केला. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले, सुमारे ९७,००० ग्रंथ आणि हस्तलिखिते खाक झाली. १९८३ ते मे २००९ हे यादवी युद्धाचे वर्ष आणि वर्ष. ध्वजावर तलवार घेतलेला सिंह होता, आणि समोरच्यांनी आपले चिन्ह वाघ निवडले.

या सर्व अनर्थाला 'महावंस' जबाबदार आहे असे आम्ही म्हणत नाही. जमीन, नोकऱ्या, विद्यापीठांतील प्रवेश, मतांचे राजकारण ही कारणे रोकडी आहेत. परंतु रोकड्या भांडणाला जेव्हा जुन्या ग्रंथातून शब्द मिळतात तेव्हा ते भांडण लवकर मिटत नाही. आम्हां मराठी लोकांना हे दुसऱ्याचे म्हणून सोडून देता येणार नाही. बखरींची पाने हातात घेऊन आजच्या शेजाऱ्याला गनीम ठरविण्याची सवय आपल्याकडेही आहे.

आजच्या बेटाची राज्यव्यवस्था थोडक्यात सांगावी. १९७२ मध्ये 'सिलोन' जाऊन 'श्रीलंका' हे नाव आले. १९७८ च्या घटनेने सर्वाधिकारी राष्ट्राध्यक्षपद निर्माण केले. संसदेत २२५ जागा आहेत. १९८७ च्या तेराव्या दुरुस्तीने तमिळ ही राजभाषा झाली आणि प्रांतिक परिषदा आल्या. प्रांत नऊ आहेत. २०१२ च्या जनगणनेप्रमाणे सिंहली सुमारे ७५ टक्के, श्रीलंकन तमिळ ११, मूर मुसलमान ९, मळ्यांतील भारतीय तमिळ ४ टक्के आहेत. २०२२ मध्ये इंधन आणि औषधे संपली, लोक रस्त्यावर आले, आणि जुलैत राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले. राजवाड्यात शिरलेल्या सामान्य माणसांची छायाचित्रे तेव्हा जगाने पाहिली. आम्हांस सतराव्या लेण्यातील शिडी आठवली. तेथेही वाडा खाल्ला गेला आहे हे बाहेरच्या माणसाने शिडी लावून पाहिले, आणि प्रजेने राजा निवडला. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रजेने पुन्हा निवड केली, अनुर कुमार दिसानायके यांची. नोव्हेंबरात त्यांच्या आघाडीला १५९ जागा मिळाल्या, आणि जाफना जिल्ह्यातही ती आघाडी पुढे राहिली. दुट्ठगामणीच्या भाषेवर वाढलेल्या राजकारणात ही गोष्ट लहान नाही.

पुन्हा भिंतीकडे. चित्रकाराने राक्षसी दोन तऱ्हांनी काढल्या आहेत. काही उग्र, मोकळ्या केसांच्या, रक्ताला हपापलेल्या; आणि काही अजिंठ्यातल्या कोणत्याही राणीइतक्या सुंदर. कथेप्रमाणे दुसरे रूप खोटे आणि पहिले खरे. पण रंग दोन्हींवर तेवढ्याच निगुतीने चढवला आहे. मूल घेऊन उभी असलेली ती स्त्री चित्रकाराने ज्या जिव्हाळ्याने काढली, तो पाहता हाताला कथा पूर्ण पटली असावी असे आम्हांस वाटत नाही. हा तर्क आहे, पुरावा नाही, हे मान्य.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आज द्यायचे झाले तर आम्ही असे देऊ. ही लंकाच आहे, बाळ, पण ती दुरून पाहिलेली आहे. तेथे त्या वेळी राक्षसी नव्हत्या. तेथे तलाव होते, आणि भात होते, आणि आपल्यासारखीच पावसाची वाट पाहणारी माणसे होती. आणि एवढे सांगून झाल्यावर, त्या बाईच्या कडेवरील मुलाकडे नीट पाहायला आम्ही त्याला सांगू.